रोबो कुठे येत नाही, हेही विचारा

एकाच आठवड्यात मी एकच भांडण दोन ठिकाणी ऐकलं. पहिलं नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या पाळीला निघालेल्या पोरांच्या टपरीवर. कुणीतरी मोबाइलवर बीजिंगच्या त्या शर्यतीची चित्रफीत लावली होती. १९ एप्रिल २०२५ ची अर्धमॅरेथॉन, माणसांच्या शेजारच्या मार्गावर एकवीस मानवाकृती रोबो. काही धडपडले, काहींनी मध्येच मान टाकली, आणि पहिला आलेला दोन तास चाळीस मिनिटांत पोचला. पोरं हसत होती. त्यातलाच एक म्हणाला, "हसा, हसा. पाच वर्षांनी हाच तुमच्या मशीनवर उभा असेल." दुसरं भांडण गंगापूर रोडच्या एका सभागृहात, परिसंवादाच्या नावाखाली झालं. भाषा शुद्ध होती, मुद्दा तोच. एका वक्त्याने नोकऱ्यांचं श्राद्धच घातलं. दुसऱ्याने ट्रॅक्टर, संगणक, एटीएम अशी यादी वाचली आणि "प्रत्येक वेळी तुम्ही असेच घाबरला होतात" म्हणून टाळ्या मिळवल्या.

दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट खटकली. भिणारे आणि न भिणारे, दोघंही रोबोला पावसासारखा धरतात. तो यायचा तेव्हा येणार, यंदा जास्त की कमी एवढाच वाद, आणि आपण फार तर छत्री घ्यायची. मी सव्वीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला काढली, त्यातली निम्मी रोबोंच्या सहवासात. तेवढ्या भांडवलावर सांगतो, रोबो पाऊस नाही. तो कुठे उभा राहणार हे मजुरीचा दर ठरवतो, आणि उभा राहिल्यावर कुणाचं काय होणार हे करार ठरवतो. म्हणून जिथे तो येतोय तिथे करार मागायला हवा, आणि जिथे तो येत नाही तिथे तो का येत नाही हे विचारायला हवं. दुसरा प्रश्न तर आपल्याकडे कुणी विचारतच नाही.

हा शब्द आला कुठून तेही पाहण्यासारखं आहे. १९२० साली कारेल चापेक या चेक नाटककाराने आपल्या नाटकात तो वापरला. मूळ चेक शब्द ‘रोबोता’, म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावं लागणारं काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. रोबो म्हणजे वेठबिगार. वेठ यंत्राकडे गेली आणि माणूस सुटला, तर यात वाईट काय? काहीच नाही. पण हिशेब इतका सरळ असता तर हा लेख लिहायची गरज नव्हती.

आधी न भिणाऱ्यांचं म्हणणं पुरतं मान्य करू, कारण त्यात दम आहे. दक्षिण कोरियात उत्पादन क्षेत्रातल्या दर दहा हजार कामगारांमागे एक हजाराहून जास्त रोबो आहेत, जगात सर्वाधिक. तिथली बेरोजगारी तीन टक्क्यांच्या आतबाहेर असते. रोबो म्हणजे सरसकट बेकारी असती, तर सेऊलच्या रस्त्यांवर रांगा लागल्या असत्या. उलट आपण पाहा. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ साली जगभरात सुमारे ५ लाख ४१ हजार औद्योगिक रोबो बसले. त्यातले पावणेतीन लाखांच्या वर एकट्या चीनमध्ये, आणि भारतात साडेआठ हजार. आपल्या पोरांना काम नाही याचं खापर या साडेआठ हजारांवर फोडणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं झालं. आणि स्पर्धेचा मुद्दाही खरा आहे. अंबड-सातपूरचा सुटा भाग बनवणारा कारखानदार एकाच वेळी चाकणशीही लढतो आणि चीनशीही. दहा हजार नगांत दोन खराब निघाले तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं. वेल्डच्या टाक्याची जी एकसारखी खोली रोबो देतो, ती पाळीच्या आठव्या तासाला कुठलाच हात देऊ शकत नाही. मी पाहिलंय, आणि ते हात कसबी होते.

पण हीच मंडळी बँकेचं उदाहरण देतात तेव्हा मला राहवत नाही. "बँकेत संगणक आले तेव्हा संपावर गेला होतात, मग काय झालं? शाखा वाढल्याच ना?" वाढल्या. पण मधलं पान गाळून गोष्ट सांगू नये. बँकांत यंत्रं आली ती वाटाघाटी करत आली. १९८३ साली कर्मचारी संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समितीचा अहवाल आला. पुढे १९८७ आणि १९९३ ला पुन्हा करार झाले. कोणती यंत्रं आणायची, किती आणायची, ती चालवणाऱ्याला भत्ता किती, हे सगळं टेबलावर बसून कागदावर उतरलं. तेव्हा या संघटनांना प्रगतीचे शत्रू म्हणून झोडपलं गेलं, आणि त्यांनी काही ठिकाणी विनाकारण अडवणूक केली हेही खरं. तरी कारकून वाचला तो संगणकाच्या दयेवर वाचला नाही. संगणक निरुपद्रवी असल्याचा पुरावा म्हणून जे सांगितलं जातं, तो खरं तर कराराचा पुरावा आहे.

माझ्या स्वतःच्या शॉपमधली गोष्ट सांगतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण तो इतरांपेक्षा वाईट नव्हता. पहिला वेल्डिंग रोबो आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला, पुढे दर खंडेनवमीला त्याच्या पायाशी झेंडू असायचा. त्या लाइनवर दोन पाळ्यांत मिळून आठ वेल्डर होते. युनियन होती, करार होता. एकालाही काढलं नाही. दोघांना टीच पेंडंट हातात देऊन रोबोला हालचाली शिकवायचं काम मिळालं, एक क्वालिटीला गेला, बाकीचे दुसऱ्या शॉपमध्ये. पेढे वाटले गेले. मीही खाल्ले. पुढच्या बारा वर्षांत ते आठही जण एकेक करून निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस भरलाच नाही. कुणाचं पोट मारलं गेलं? कुणाचंच नाही, असं हजेरीपट सांगतो. ज्यांना त्या आठ जागा मिळायच्या होत्या ती पोरं तेव्हा सिन्नर, त्र्यंबक, पेठच्या शाळांत होती. पुढे त्यांनी आयटीआय केली आणि त्याच गेटमधून आत आली, पण कंत्राटदाराचा पास गळ्यात अडकवून. त्यांच्या वतीने सही करायला त्या टेबलावर कुणी नव्हतं.

‘रोबो नोकरी खातो का’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच दोन्ही बाजूंना सापडत नाही. एक बाजू काढलेल्या माणसांना शोधते, ती मिळत नाहीत. दुसरी बाजू काढलेली माणसं नाहीत म्हणून निश्चिंत होते. न भरलेल्या जागेचा पंचनामा कोण करणार?

कायदाही इथेच डोळे मिटतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं. त्यासोबतच्या चौथ्या अनुसूचीत लिहिलं होतं की यंत्रसामग्रीत किंवा तंत्रात अशी सुधारणा करायची असेल, जिच्यामुळे कामगारकपात होण्याचा संभव आहे, तर मालकाने एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी. म्हणजे यंत्र येण्याआधी बोलणं व्हावं हा विचार आपल्या कायद्याला १९५६ च्या दुरुस्तीपासून ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद राहिली. शिवाय कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरावा, अशी नवी भर पडली. वाचायला बरं वाटतं. पण कपात व्हायला माणूस आधी कामगार म्हणून पटावर हवा. कंत्राटी पोराची कपात होत नाही. त्याला सोमवारी फोन येत नाही, एवढंच होतं. जो कधी भरतीच झाला नाही, त्याची कपात तर देवालाही करता येणार नाही. ‘कपातीचा संभव’ नाही, म्हणून नोटीस नाही. नोटीस नाही, म्हणून बोलणं नाही.

आता भिणाऱ्यांचा सर्वांत मजबूत मुद्दा. ते म्हणतात, तुमचे जुने रोबो मुके होते. १९६१ साली जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला युनिमेट बसला, तापलेले ओतीव भाग उचलायला. तेव्हापासून साठ वर्षं रोबोने शिकवलेली एकच हालचाल केली. भाग दोन मिलिमीटर सरकला की तो हवेत वेल्ड मारणार. आताचे तसे नाहीत. २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस चॅटजीपीटी आलं, २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने भाषा आणि दृश्य एकत्र शिकलेली एआय प्रारूपं रोबोच्या हाताला जोडून दाखवली. कधी न पाहिलेली वस्तू ‘ती उचल’ म्हटल्यावर ओळखून उचलू लागली. याचा अर्थ मला कळतो, कारण एका फिक्स्चरसाठी, म्हणजे भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यासाठी, रोबोला नवी हालचाल शिकवण्यात आमचे आठवडे जायचे. तेच काम दुपारभरात होऊ लागलं, तर लहान व्हेंडरलाही रोबो परवडेल. जुन्या अनुभवावरून नव्याचा अंदाज बांधू नका, हा इशारा मी डोक्यावर घेतो.

पण अंदाज बांधणाऱ्यांचा इतिहासही तपासावा. जेफ्री हिंटन यांना पुढे २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्याइतका या विषयातला अधिकारी माणूस दुसरा काढणं अवघड. त्यांनी २०१६ साली सांगितलं होतं की रेडिऑलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, पाचेक वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. आज यंत्र एक्स-रे छान वाचतं, आणि रेडिऑलॉजिस्ट मिळत नाहीत म्हणून रुग्ण खोळंबतात. शिवाय हान्स मोरावेक या रोबोतज्ज्ञाने १९८८ सालीच एक विचित्र गोष्ट टिपली होती. यंत्राला चेकर्ससारखा पटावरचा खेळ शिकवणं सोपं, पण वर्षाच्या पोराइतकं चालणं, पाहणं आणि पकडणं शिकवणं महाकठीण. त्या हिशेबाने सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाशेजारच्या कोर्टाजवळ प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणाऱ्याला भीती आधी, आणि निफाडच्या द्राक्षबागेत घडाची विरळणी करणाऱ्या बाईला सर्वांत शेवटी.

त्या बाईपाशी थोडं थांबू. ऑक्टोबर छाटणीनंतर सुरगाणा, पेठ, कळवणकडून टोळ्या उतरतात. फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढणं, शेंडा मारणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी. सगळं उक्तं, एकराच्या भावाने. विरळणीत लहान कात्रीने घडातले नेमके मणी उडवायचे असतात. कोणता मणी पुढे फुगेल, कोणता शेजारच्याला दाबेल, हे बोटांना कळावं लागतं, आणि तेही मान वर करून, मांडवाखाली दिवसभर. असा हात बनवायला जगातल्या प्रयोगशाळा अजून झटताहेत. मग जे काम यंत्राला येत नाही ते करणाऱ्या या बाईला भाव किती यायला हवा होता? आलाय? ‘तुझं काम यंत्र घेऊ शकत नाही’ हे तिला दिलासा म्हणून सांगून पाहा, ती काय म्हणेल. तिच्या बाजूने बोलणारे आणि उद्योगाच्या बाजूने बोलणारे दोघंही तिला ‘सुरक्षित’ या खान्यात टाकून पुढे जातात.

इथे माझा खरा मुद्दा येतो. यंत्र माणसाच्या जागी तेव्हाच येतं, जेव्हा माणूस यंत्रापेक्षा महाग पडतो. माणूस स्वस्त असेल तर यंत्र तयार असूनही येत नाही. गटारात उतरणाऱ्या माणसाचंच घ्या. त्याला सुरक्षासाधनांशिवाय आत पाठवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. केरळच्या तरुण अभियंत्यांनी बनवलेला ‘बँडिकूट’ हा मॅनहोल साफ करणारा रोबो २०१८ पासून तिरुवनंतपुरमला काम करतोय. म्हणजे कायदा आहे आणि यंत्रही आहे. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख करावी लागली, कारण माणसं आत मरतच होती. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आपण त्याच वर्षी यान उतरवलं होतं. तंत्रज्ञान कमी पडलं असं कोण म्हणेल? सिंहस्थ तोंडावर आहे. गर्दी मोजायला एआय कॅमेरे हवेतच. २००३ च्या चेंगराचेंगरीत गेलेले जीव ज्यांना आठवतात ते याला विरोध करणार नाहीत, मीही करत नाही. पण कॅमेरा हुशार आणि त्याच खांबाखाली खराटा तोच, टोपली तीच, डोकंही त्याच वस्त्यांतलं. असं का, हा प्रश्न कुठल्याच परिसंवादाच्या पत्रिकेत नसतो.

गिरणी संपाचा दाखला नेहमी येतो, तोही उलटा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले आणि गिरण्या बुडाल्या, तेव्हा पोरांनो, आधुनिकीकरणाला आडवे जाऊ नका, असा बोध काढतात. पण मुंबईतलं कापड कुठल्या आधुनिक यंत्राने हिरावलं? बराचसा विणकामाचा धंदा गेला तो भिवंडीला आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावला. तिथे गिरण्यांपेक्षा पुढची यंत्रं नव्हती. साधे, खडखडणारे यंत्रमाग होते, बारा तासांची पाळी होती, आणि संघटना जवळपास नव्हती. महागड्या माणसाला रोबोने हरवलं नाही, स्वस्त माणसाने हरवलं. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी मालेगावात मोसम नदीकाठी हातमाग उभे केले, पुढे त्यांच्या नातवंडांनी ते मोडून यंत्रमाग घातले, आणि कान बधिर होईपर्यंत ते चालवले. ते यंत्राचे मालक की यंत्राचे वेठबिगार? शेजारीच येवल्यात पैठणी अजून हातमागावर विणली जाते आणि हौसेच्या किमतीला विकली जाते. एकाच जिल्ह्यात दोन माग, आणि त्यांचं नशीब लाकडाने किंवा लोखंडाने ठरवलेलं नाही.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. गांधीजींचा आक्षेप यंत्राला नव्हता, यंत्राच्या वेडाला होता, आणि शिवणयंत्राला त्यांनी खास सूट दिली होती. पण त्यावर सर्वांत सडेतोड उत्तर दिलं बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांनी १९३० साली इथल्याच काळारामाच्या दारात सत्याग्रह उभारला. १९४५ च्या त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा की पशुवत राबण्यातून माणसाला सोडवायला यंत्र हवंच, कारण फुरसत मिळाल्याशिवाय संस्कृती नाही. यंत्राचे दुष्परिणाम दिसतात ते यंत्रामुळे नाहीत, चुकीच्या समाजरचनेमुळे आहेत, तेव्हा रचना बदला आणि लाभ मूठभरांच्या हाती जाऊ देऊ नका. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या वेठ आली, त्यांच्या बाजूने पाहिलं की ‘हाताच्या श्रमाचं सौंदर्य’ वगैरे भाषा किती पोकळ वाटते! परिसंवादातल्या पहिल्या वक्त्याने ती वापरली होती. त्याने स्वतः मांडवाखाली तासभर मान वर करून पाहावी.

एक आक्षेप मात्र मला अजून पूर्ण परतवता आलेला नाही. लहान कारखानदार म्हणतो, अटी घालाल तर मी रोबोच घेणार नाही, ऑर्डर दुसऱ्या राज्यात जाईल, मग कसला करार आणि कुणाशी? तो खोटं बोलत नाही. वीस माणसांच्या शेडमध्ये कर्जाचा हप्ता आणि पगार एकाच तारखेला येतात. त्याच्यावर मोठ्या कंपनीइतकं ओझं टाकणं चूक आहे. पण त्याचा भाव पाडून घेणारी मोठी कंपनी दर वर्षी ‘कॉस्ट डाऊन’ मागते, आणि रोबोने वाचवलेला पैसा त्याच्याही हाती राहत नाही. तेव्हा वाटाघाटीच्या टेबलावर त्यालाही खुर्ची हवी, मालकाच्या बाजूची की कामगाराच्या बाजूची, ते त्याचं त्याने ठरवावं. आणि अटी म्हणजे तरी काय मागतोय आपण? रोबो यायच्या तीन महिने आधी कळवा. वाचलेल्या पैशातला ठरावीक वाटा शिक्षणावर घाला, आणि ते शिक्षण कंत्राटी पोरालाही द्या. निवृत्त झालेल्याची जागा रद्द करायची असेल तर ती रद्द केली असं लिहा, मुकाट्याने गिळू नका. यात कारखाना बुडेल असं काय आहे?

गेल्या महिन्यात माझा एक जुना सहकारी घरी आला. त्यांच्याकडे त्रैवार्षिक वेतनकराराची बोलणी सुरू व्हायची आहेत आणि तो कमिटीत आहे. मागणीपत्राचा मसुदा दाखवायला आणला होता. एकतीस मागण्या. कॅन्टीनचं जेवण, बसचा मार्ग, गणवेशाचा तिसरा जोड, दिवाळीचा बोनस, सगळं होतं. त्याच कारखान्यात या वर्षी सहा नवे रोबो यायचेत आणि तपासणीला एआयवाला कॅमेरा लागतोय, हे त्यानेच मला आधी सांगितलं होतं. मसुद्यात त्याचा एक शब्द नव्हता. मी वरची तीन वाक्यं त्याला कागदावर लिहून दिली. त्याने नीट वाचली. पहिलं आणि तिसरं बत्तीस-तेहतीस नंबरला घालतो म्हणाला. दुसऱ्यावर बोट ठेवून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भाऊ, कंत्राटी पोरांचं आम्ही कसं लिहिणार? ती आमची सभासदच नाहीत."

"मग करून घ्या," मी म्हटलं.

त्याने चहा संपवला, कागदाची घडी खिशात घातली. कमिटीत विचारतो म्हणाला.